‘वॉर्म’ आवाज म्हणजे मराठीत कसला आवाज?

अंगणवेल: इन-इअर हेडफोन घ्यायचेत, दोन-अडीच हजारांपर्यंत. परीक्षणं वाचली, व्हिडिओ पाहिले, सगळीकडे तेच शब्द: वॉर्म, ब्राइट, व्ही-शेप, मडी, सिबिलन्ट. एकाने तर मराठीत ‘उबदार ध्वनी’ असं लिहिलंय. आता स्वेटर उबदार असतो, आवाज कसा? माझं ऐकणं म्हणजे ख्याल, नाट्यगीतं, अधूनमधून तबला सोलो. या शब्दांना आपल्याकडे काय म्हणतात आणि दुकानात नक्की काय मागायचं, कोणी सांगेल का?

जवारी: ‘उबदार’ सोडून द्या ताई, तो शब्दकोशातून उचललेला आहे. साधारण १०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात थोडी भर असली की परीक्षक वॉर्म म्हणतात. त्या भरीमुळे पुरुषी गळ्याला, सरोदला, डग्ग्याला अंग येतं. आपण अशा आवाजाला भरीव किंवा भरदार म्हणतो. गवयांच्या तोंडी ‘गोल’ही असतं. हीच भर प्रमाणाबाहेर गेली की आवाज कोंदतो, बोल एकमेकांत मिसळतात, ते तुमचं मडी. मी त्याला ‘कोंदट’ म्हणेन.

ब्राइटची गंमत वेगळी. इंग्रजीत एकाच शब्दात कौतुकही बसतं आणि तक्रारही. आपल्याकडे पायऱ्या आहेत: खणखणीत हे कौतुक, टोकदार म्हणजे सावध राहा, चिरका म्हणजे नको. परीक्षणात ब्राइट वाचलं की यातली कुठली पायरी ते पुढच्या दोन वाक्यांवरून ओळखायचं.

पाटी-पेन्सिल: मडीसाठी ‘बद्द’ नाही का चालणार?

जवारी: नाही. बद्द म्हणजे ज्याला आस नाही, वाजलं आणि तिथेच मेलं. तडा गेलेलं मडकं बद्द वाजतं. कोंदट आवाजात उलट नको तितकं घुमत राहतं. तबल्याची पुडी उतरली की आपण ‘बोदा वाजतोय’ म्हणतो, ते या दोन्हींच्या मधलं कुठेतरी.

बिगारी ते मॅट्रिक: मुलासाठी मीही हेडफोन बघतोय, म्हणून सोपं करून सांगतो. बेस म्हणजे मंद्र सप्तक, मिड्स म्हणजे मध्य, ट्रेबल म्हणजे तार. झालं!

कानसेन: ऐकायला छान वाटतं, पण हिशेब बसत नाही, आणि या समजुतीवर खरेदी केली तर पैसे वाया जातील. गायकाचा षड्ज काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरा. तो सुमारे १३९ हर्ट्झ. म्हणजे खर्जाचा सा ६९ वर, तार षड्ज २७७ वर. परीक्षकांचे मिड्स सुरू होतात साधारण २५० च्या आसपास आणि जातात चार हजारांपर्यंत. त्या हिशेबाने ख्याल गाणाऱ्या पुरुषाचं जवळजवळ अख्खं मध्य सप्तक त्यांच्या ‘बेस’मध्येच पडतं. तार सप्तकाचा शेवट ५५४ वर. ट्रेबलच्या पट्ट्यात कुठल्याच गायकाचा मूळ स्वर नसतो. तिथे असतात फक्त स्वरांचे वरचे अंश (मूळ कंपनाच्या पटीतले), झांजेची किणकिण, तबल्याच्या किनारीवरच्या ‘ना’ची धार आणि आपले स, श. बायकांचा षड्ज वर असतो, काळी चार म्हणजे २०८, तरी चित्र फार बदलत नाही.

म्हणून व्ही-शेप म्हणजे ‘मध्य सप्तक कमी’ असं समजू नका. खालचं आणि वरचं उचललेलं, मधलं खचलेलं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात डग्गा आणि झांज पुढे येतात आणि गायक संवादिनीवाल्याच्या मागे जाऊन बसतो. बिगारींच्या मुलाच्या गाण्यांना ते शोभून दिसेल, ख्यालाला नाही.

तुम्हाला चाचणी हवी असेल तर तानपुरा लावा, नुसता, गाण्याशिवाय. एकाच वाद्यात दोन्ही टोकं मिळतात. खाली खर्जाची तार, वर जवारीची, म्हणजे तार घोडीला घासून उठणारी, झणझण. जवारी पुसली गेली आणि तार नुसती ‘डूं’ वाजते, तर हेडफोन मंद आहे, परीक्षणात त्याला डार्क म्हणतात. जवारी गायकाच्याही वर चढून बसली तर टोकदार. फक्त खर्ज ऐकू येतोय म्हणजे बेस चांगला आहे, असं मानू नका. मोबाइलच्या स्पीकरला ६९ हर्ट्झ झेपतच नाही, तरी खर्ज ‘ऐकू’ येतो, कारण १३९, २०८, २७७ हे त्याचे पट कानाला मिळतात आणि बाकीचं मेंदू भरून काढतो. खालचं खरोखर आहे का ते डग्ग्याच्या घुमाऱ्यावरून बघा.

ऊष्माक्षरी: सिबिलन्टला शब्द शोधायची गरजच नाही, आपल्या व्याकरणात श, ष, स यांना ऊष्म वर्ण म्हणतातच. बोलताना मात्र ‘सकार टोचतो’ एवढं पुरे. स ची ताकद वरच्या अंगाला, पाच हजार हर्ट्झच्या पुढे असते, श ची त्याहून बरीच खाली सुरू होते. म्हणून हेडफोनला सहा ते आठ हजारांत कड असेल तर स टोचेल आणि श निभावून जाईल. मराठीत आणखी एक सोय आहे: ‘चांगला’, ‘चोर’ मधला दंततालव्य च. त्यात स चा फुत्कार दडलेला असतो. एखाद्या कथाकथनाचं ध्वनिमुद्रण लावून ऐका, हिंदी गाण्यापेक्षा लवकर कळेल.

अंगणवेल: सगळ्यांचे आभार, पण आता नवाच घोळ. काल दुकानात एक जोडी लावून पाहिली. परीक्षणात ‘भरपूर बेस’ लिहिलेली. डग्गा जवळपास गायब! आवाज पत्र्यासारखा पातळ.

कानसेन: टोपी बसली नसणार. रबरी टोपीने कानाची नळी नीट बंद झाली नाही तर सगळ्यात आधी खालचं गळून जातं. सोबतच्या तिन्ही मापांच्या टोप्या लावून बघा, आणि दोन्ही कानांना एकच माप लागेल असं धरून चालू नका. फोमच्या टोप्या दाबून घालायच्या, मग आत फुगतात. त्यांनी वरची धारही किंचित कमी होते. बेसबद्दलची निम्मी भांडणं टोपीची असतात, यावर मी पैज लावायला तयार आहे.

दुसरं, दोन जोड्या पाहताना दोन्हींचा आवाज सारखाच मोठा ठेवा. जराशी मोठी वाजणारी जोडी कोणालाही ‘चांगली’ वाटते.

जवारी: आणि काही घ्यायच्या आधी हातात आहेत त्याच इअरफोनवर, मोबाइलच्या इक्वलायझरने (एकेक पट्टा कमी-जास्त करायची सोय) शब्द तपासून घ्या. एकच तान लावा. २०० च्या आसपास तीन डेसिबल चढवा: भरीव. सहा चढवा: कोंदट. मग एक ते दोन हजार खाली ओढा: गळा पोकळ. आठ हजार चढवा: तानेचा दाणा सुटा दिसेल, पण सकार टोचायला लागेल. यातलं कुठलं तुम्हाला बदलावंसं वाटत नाही, तीच तुमची आवड.

पाटी-पेन्सिल: हर्मन कर्व्ह, म्हणजे हेडफोनचा आवाज कुठे किती असावा याचा आलेख, सगळीकडे दिसतो, तो मग काय ‘बरोबर आवाज’?

कानसेन: बरोबर नाही, बहुमताचा. हर्मन कंपनीतले संशोधक शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी लोकांना ऐकवून ऐकवून काढलेला. खाली उठाव, आणि तीन हजारांच्या आसपास एक चढ, कारण कानाची नळी स्वतःच तो पट्टा वाढवते आणि इन-इअर थेट आत बसतात. काहींना त्याहून जास्त बेस आवडतो, काहींना कमी. एटिमोटिक कंपनीचा १९९१ चा ईआर-४ हा इन-इअर याच्या दुसऱ्या टोकाला, खाली जवळपास उठाव नाही. त्याला परीक्षक ‘अ‍ॅनालिटिकल’ म्हणतात, मी ‘कोरडा’ म्हणेन. कोरडा म्हणजे वाईट नव्हे. तबला शिकणाऱ्याला बोल मोजायला तोच बरा.

अंगणवेल: आणि साउंडस्टेज?

ऊष्माक्षरी: पैस. गायक, वाद्यं किती जागेत पसरलेली वाटतात ते.

जवारी: शब्द झकास. पण इन-इअरमध्ये पैस फार मागू नका, बाहेरचा कान वगळून आवाज थेट आत जातो, त्यामुळे मैफल डोक्यातच बसते. तबला डावीकडे, संवादिनी उजवीकडे, एवढं सुटं ऐकू आलं तरी दोन हजारांत पावलं.

बिगारी ते मॅट्रिक: मुलासाठी एक शब्द राहिला. पंची?

कानसेन: दणका. पण बसला की लगेच आवरणारा. घुमत राहिला तर पंची नाही, वर चर्चा झाली तो कोंदट.