सॉफ्टवेअरवाल्यांनी संघटनेत जायचं नाही का?

सातपूर_मीटर: काल इथे एकाने लिहिलं, "अंबडची सॉफ्टवेअर कंपनी स्वच्छ ऊर्जेच्या संघटनेत गेली म्हणे, ना पॅनल बनवतात ना पवनचक्की, फी भरून फोटो काढले." राहवलं नाही म्हणून लिहितोय. मीही असल्याच छोट्या कंपनीत आहे, कारखान्यांचा वीजवापर बघतो. आमचा कच्चा माल म्हणजे नियम. 2023 ला केंद्राने वीजग्राहकांचे नियम बदलले, उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी आणि उद्योगांना जास्त मागणीच्या तासांत नेहमीच्या किमान 1.2 पट. आता दुपारचं सोलर युनिट रात्रीच्या महाग युनिटात वळतं करायचं की नाही, ही एक ओळ बदलली की आमचं बिलाचं गणित मुळापासून परत लिहावं लागतं. ती ओळ ठरताना आम्ही तिथे नको?

पंचवटीचा_ग्राहक: नको कोण म्हणतंय? वीज कायदा 2003, कलम 64. वीज आयोगाकडे आलेल्या दरांच्या अर्जावर कोणीही हरकत देऊ शकतो, सभासद व्हावं लागत नाही. रिटायर झाल्यापासून मी देतोय. तुम्ही टोळीने गेलात की माझ्या दोन पानांना कोण विचारणार?

सातपूर_मीटर: काका, मीही एकट्याने चार पानं पाठवलीयत. एकाच कारखान्याचे तीन महिन्यांचे आकडे होते, त्याला वजन काय? संघटनेत बऱ्याच जणांचे 15-15 मिनिटांचे रीडिंग एकत्र करता येतात. आणि इन्व्हर्टरवाल्यांनी, म्हणजे पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र विकणाऱ्यांनी, डेटा आपल्याच पोर्टलमध्ये कोंडलाय, तो मोकळा करा हे एकट्याने सांगून ऐकतात होय?

निफाड_द्राक्ष: तुमचा डेटा राहू द्या. माझ्याकडे सरकारी योजनेतला सोलर पंप बसवलाय, 5 एचपी, कारण जमीन पाच एकराच्या आत. ऐन द्राक्षाच्या मण्यांत पाणी भरायच्या वेळी आभाळ आलं, तीन दिवस ड्रिपला प्रेशरच नाही. मोटार नुसती रडतखडत. संघटना बोलली का यावर?

दिंडोरीची_सूनबाई: आमच्याकडे तोच पंप आहे आणि मी रोज हात जोडते. आधी रात्रीच्या लाईटीला सासरे बॅटरी घेऊन जायचे, उसात बिबट्या, घरात आम्ही सगळे जागे. दहा टक्के भरले, बाकी अनुदान. तीन दिवस आभाळ आलं तर आलं!

निफाड_द्राक्ष: ताई, तुमचा माल गेला नाही म्हणून बोलताय. माझे मणी गेले.

दिंडोरीची_सूनबाई: मणी परत येतात, माणूस येत नाही. शेजारच्या वस्तीवर झालंय, मला शिकवू नका.

पंचवटीचा_ग्राहक: बघा, हेच म्हणतोय मी. या दोघांचं म्हणणं त्या संघटनेच्या हरकतीच्या कागदात कुठे येणार? सभासद पॅनलवाले, इन्व्हर्टरवाले, तुम्ही. ज्याचा धंदा त्याचीच हरकत.

सातपूर_मीटर: हे मात्र खरंय, मान्य करतो. शेतकरी सभासद नाही. पण म्हणून आम्ही बाहेर बसलो तर आत फक्त माल विकणारेच उरतात, पंप प्रत्यक्षात किती चालला हे सांगणारं कोणीच नाही. निफाडवाले, त्या तीन दिवसांचं काही लिहिलेलं आहे का?

निफाड_द्राक्ष: वही आहे. मोटार किती वाजता धरली किती वाजता सोडली, फवारणीच्याच वहीत, मागच्या पानांवर.

सातपूर_मीटर: फोटो पाठवा. कागदात घालायला लावतो.

निफाड_द्राक्ष: पाठवतो. पण आधी काकांच्या हरकतीला जोडणार, मग तुमच्या.