३२ बोअरचं छोटं हत्यार: रोज कमरेला बाळगायला कुठलं घ्यावं? (रावेर)

रावेरचा_केळीवाला

राम राम मंडळी. रावेर तालुक्यात केळीचा व्यापार आहे. शेतकऱ्याच्या बांधावर घड कापायचे, काटा करायचा, गाडी भरायची आणि मजुरी तिथल्या तिथे रोखीत द्यायची. मागच्या पावसाळ्यात रात्री तापीकाठच्या रस्त्यावर दोन मोटरसायकली आडव्या आल्या. रोकड गेली त्याचं काही नाही, पण माझ्यासोबतच्या पोराच्या डोक्याला आठ टाके पडले. दुसऱ्याच आठवड्यात परवान्याचा अर्ज केला. पोलीस चौकशी, डॉक्टरचा दाखला, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असं सगळं होऊन आता कलेक्टर ऑफिसमधून परवाना हातात आलाय.

आता घ्यायचं काय? अशनी पिस्तूल, आणि निर्भीक व प्रबल ही दोन रिव्हॉल्व्हर, अशी तीन नावं डोक्यात आहेत. एक जण म्हणतो थेट ९ एमएम घे. मी दिवसभर मोटरसायकलवर, अंगात पातळ सुती शर्ट, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. कुणाला दिसायला नको आणि रोज अंगावर राहायला हवं. घरात सहा आणि नऊ वर्षांची पोरं आहेत. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगा.

फौजी_आबा_वरणगाव

भाऊ, आधी ९ एमएम डोक्यातून काढा. ते निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, आपल्या साध्या परवान्यावर बसत नाही. आपल्याला ३२ किंवा २२. त्यातही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस आणि पिस्तुलाचं बत्तीस वेगळं असतं. दोघांनाही लोक नुसतं बत्तीसच म्हणतात, पण रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब आणि पिस्तुलाचं आखूड. दुकानात डबी उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुमच्यासाठी माझं मत रिव्हॉल्व्हर. कारण सांगतो. तुम्ही फौजी नाही, दर आठवड्याला नेमबाजीच्या रेंजवर जाणार नाही. वर्षातून मोजकी काडतुसं झाडणाऱ्या माणसाच्या हातात जितक्या कमी हालचाली तितकं बरं. काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा ट्रिगर ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात दुसऱ्या हाताने स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचावी लागते, आणि अंधारात, घामेजल्या हाताने, काळीज धडधडत असताना ते बोटांना आधीपासून माहीत असावं लागतं.

आता वजन. निर्भीक साधारण ५०० ग्रॅमचं, २०१४ मध्ये आलं. प्रबल कानपूरहून २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलं, काडतुसांशिवाय ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर. प्रबलचा सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं चक्र, बाजूला उघडतो, जुन्या बत्तीस रिव्हॉल्व्हरसारखं काडतुसं भरायला हत्यार मधून मोडावं लागत नाही. कागदावर दोनशे ग्रॅमचा फरक काहीच वाटत नाही, कमरेला बारा तास बांधल्यावर कळतो.

म्हणून खरेदीआधी एक करा. सातशे ग्रॅम दादर ज्वारी मोजा, जाड कापडाच्या पिशवीत घट्ट शिवा आणि आठ दिवस उजव्या कमरेला पट्ट्यात अडकवून धंदा करा. मोटरसायकलवर, काट्यावर, जेवायला मांडी घालून बसताना, सगळीकडे. आठ दिवसांनी इथे येऊन सांगा.

सराफकट्टा_ताई

मी जळगावला, आमचा सोन्याचा व्यवसाय आहे. पाच वर्षांपासून निर्भीक वापरते. हलकं आहे हे खरं. पण हलक्या हत्याराला झटका जास्त बसतो आणि मूठ लहान असल्यामुळे सुरुवातीला माझी करंगळी खाली लोंबकळायची. ट्रिगर जड आहे. पहिल्या दिवशी रेंजवर दहा मीटरवरच्या कागदावर माझ्या सहापैकी दोनच लागल्या, तेव्हा रडू यायचं बाकी होतं. नंतर रिकाम्या हत्याराने रोज रात्री दहा मिनिटं ट्रिगर ओढायचा सराव केला. आधी सिलिंडर उघडून दोनदा बघायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, मगच सराव. तीन महिन्यांनी हात स्थिर झाला.

पण मला खरं बोलायचंय ते होल्स्टरबद्दल, म्हणजे कमरेच्या म्यानाबद्दल. हत्यारावर लाखभर खर्च करतो आणि होल्स्टर दुकानदार देईल ते घेतो. मला मिळालेलं मऊ रेक्झिनचं होतं. एकदा स्कूटीवरून उतरताना निर्भीक अर्धं बाहेर सरकलं. भर बाजारात. हात घालून दाबून धरलं आणि तशीच दुकानात शिरले, संध्याकाळपर्यंत पाय थरथरत होते. तेव्हापासून कडक चामड्याचं, ट्रिगरचा भाग पूर्ण झाकणारं, वरून बंद असलेलं होल्स्टर. ते माझ्या हत्याराच्या मापाने शिवून घेतलंय. आणि पट्टा दुहेरी शिलाईचा, रुंद. बाजारातल्या पातळ पट्ट्यावर कुठलंच हत्यार उभं राहत नाही, मग ते पाचशे ग्रॅमचं असो की सातशेचं.

पोरांसाठी भिंतीत ठोकलेली लोखंडी पेटी करा. किल्ली तुमच्या अंगावर, फ्रिजवर नाही. काडतुसांना वेगळं कुलूप.

धुळेकर_पिस्तूलवाला

आबा, तुमनं म्हननं खरं शे, पण पिस्तुलाची बाजूही कुणीतरी मांडायला पाहिजे. मी अशनी वापरतो. पिस्तूल चपटं असतं. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर पातळ शर्टातून गोळ्यासारखा वर येतो, ते झाकायला जाकीट लागतं, आणि मे महिन्यात धुळ्यात जाकीट घातलेला माणूस दिसला की सगळे त्याच्याकडेच बघतात. माझं पिस्तूल शर्टाखाली आईलाही कळत नाही. स्लाइडची स्प्रिंग कडक आहे, हातात जोर पाहिजे, सरावही पाहिजे. तेवढी तयारी असेल तर बघाच. नसेल तर आबांचं ऐका.

वकील_अमळनेर

केळीवाले भाऊ, हत्याराआधी परवाना बाहेर काढा आणि क्षेत्र काय लिहिलंय ते वाचा. तुम्ही रावेरचे, म्हणजे बऱ्हाणपूरच्या बाजारात जाणं होतच असणार. क्षेत्र नुसतं महाराष्ट्र असेल तर मध्य प्रदेशच्या हद्दीत शिरल्याबरोबर तुमच्या कमरेचं हत्यार बेकायदा झालं. नाक्यावर गाडी थांबवली तर "रोजचं येणं-जाणं आहे साहेब" चालत नाही. क्षेत्र वाढवून मिळण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

दुसरं, झाकून बाळगणं ही तुमची आवड नाही, नियमच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं पाहिजे, ताबा तुमचा पाहिजे. लग्नात, मिरवणुकीत बार काढला तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बागेत "जरा चालवून बघतो" तेही नको, सराव फक्त रेंजवर. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यातून हत्यार जमा करायचा निरोप येऊ शकतो. तेव्हा वाद न घालता जमा करा आणि पावती जपून ठेवा.

आणि इथे अजून कुणी बोललं नाही म्हणून मीच सांगतो. कुणीतरी तुम्हाला म्हणेलच, "सीमेवरून गावठी कट्टा आण, दहावा हिस्सा पैसे." विनापरवाना हत्याराला शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. माझ्याकडे आलेल्या अशा पोरांमध्ये दरोडेखोर थोडे, घाबरलेले दुकानदार जास्त. त्यांच्या आया कोर्टाच्या पायऱ्यांवर डबा घेऊन बसलेल्या मी पाहिल्यात.

स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. वाचून ठेवा. पाठमोऱ्या पळणाऱ्या चोरावर गोळी झाडणं त्यात बसवणं फार कठीण.

रावेरचा_केळीवाला

आबा, आठ दिवस झाले. दादरची पिशवी खरंच बांधली.

पहिले दोन दिवस काहीच वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी सावद्याकडच्या एका बागेत काट्याजवळ उभा होतो, घड मोजायला हात वर केला आणि शर्ट वर सरकला. एक मजूर म्हणाला, "शेठ, कमरेला काय बांधलंय?" नुसती ज्वारी होती तरी माझे कान गरम झाले. त्या दिवसापासून शर्ट चार बोटं लांब शिवायला टाकलेत.

पिशवी अगदी कुशीत होती तेव्हा मोटरसायकलवर पुढे वाकलं की मांडीला टोचायची. थोडी मागे, कमरेच्या हाडामागे सरकवली तेव्हा बरं वाटलं. वजनापेक्षा पट्ट्यानेच त्रास दिला. जुना पट्टा संध्याकाळी घामाने वळायचा आणि पिशवी बाहेर लोंबायची. ताईंनी सांगितलं तसा रुंद पट्टा आणला, मग सातशे ग्रॅम सहन झालं.

वकीलसाहेब, तुमचा मजकूर वाचून परवाना काढला. क्षेत्र फक्त महाराष्ट्र. मी तर महिन्यातून चारदा बऱ्हाणपूरला जातो. सोमवारी अर्ज देतोय, तोपर्यंत तिकडे जाताना हत्यार घरीच.

मन प्रबलकडे झुकतंय. धुळेकर भाऊंचं पटलं, पण स्लाइडचा सराव माझ्याकडून होणार नाही, हे मला माहीत आहे.

फौजी_आबा_वरणगाव

पाठीच्या कण्यावर मात्र येऊ देऊ नका, मोटरसायकलवरून पडलात तर लोखंड मणक्यात बसेल. हाडाच्या जरा मागे, तिथपर्यंतच.

दुकानात जाल तेव्हा प्रबल आणि निर्भीक दोन्ही हातात घ्या. सिलिंडर उघडून रिकामं बघा, दुकानदाराला विचारून नळी भिंतीकडे धरा आणि ट्रिगर दहा-दहा वेळा ओढा. दहाव्या वेळी ज्याची पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) कमी हलते ते तुमचं. उघडझाप करताना सिलिंडर डुगडुगतो का बघा, काडतुसाचं प्रत्येक घर नळीसमोर येऊन घट्ट बसतंय का बघा. नवीन आहे म्हणून विश्वास ठेवू नका. आणि जाताना तो रुंद पट्टा आणि लांब शिवलेला शर्ट घालूनच जा.

सराफकट्टा_ताई

आणि होल्स्टर दुकानातून घेऊ नका भाऊ. जळगावात मी ज्यांच्याकडून शिवून घेतलं त्यांचा पत्ता निरोपात पाठवते. हत्यार घरी आलं की रिकामं करून माप द्यायला घेऊन जा, पण जाताना परवाना सोबत ठेवा.