पालक-चीज पास्ता, व्हाइट सॉस न करता जमेल का?

चिंगीचीआई: ऑफिसमधून यायलाच साडेसात होतात आणि लेकीला पास्ताच हवा असतो, व्हाइट सॉस म्हणजे मैदा भाजा, दूध घाला, गुठळ्या मोडा, रात्री तेवढं त्राण नसतं हो. पेने आहे, पालकाची जुडी आहे, चीज क्यूब आहेत. प्युअर व्हेज हवं, अंडंसुद्धा नको.

खमंगकाकू: अगं मैदा हवाय कशाला! १०० ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी, त्यात दोन छोटे चमचे मीठ, पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी गॅस बंद, आणि त्याच्या जरा आधी चिरलेला पालक त्याच पातेल्यात ढकलायचा, वेगळं भांडं कोण घासणार. गाळताना वाटीभर पाणी बाजूला काढ, सगळी मजा त्यातच आहे, पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो त्यात. कढईत बटर, ठेचलेला लसूण, लाल नाही करायचा, नुसता वास सुटला की पास्ता-पालक आणि थोडं ते पाणी. मग गॅस बंद करून किसलेलं चीज थोडं थोडं घालत हलवत राहा, पाणी दाट होऊन पास्त्याला धरतं. वरून मिरपूड. मीठ चाखूनच घाल, बटर-चीज दोन्ही खारट.

उंडगा: गॅस चालू असताना चीज घातलं तर काय बिघडतं?

खमंगकाकू: क्यूबचं फारसं नाही, प्रोसेस्ड चीजमध्ये इमल्सिफायर, म्हणजे चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे पदार्थ, असतात म्हणून ते फुटत नाही. मोझरेला मात्र गोळा होऊन झाऱ्यालाच लटकतं 😄

दूरदेशी: आम्ही इटलीत राहतो म्हणून सांगते, कोणी पार्मेजान, म्हणजे ते किसून घालायचं कडक इटालियन चीज, सुचवलं तर जरा थांबा. खरं पार्मेजान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं एन्झाइम) वापरूनच करतात, तसा नियमच आहे, ग्राना पादानो या तशाच चीजचंही तेच. दुसरं कुठलं चीज घेताना पाकिटावर मायक्रोबियल रेनेट, म्हणजे प्राण्यांपासून न काढलेलं, लिहिलंय का ते बघून घ्या.

उंडगा: बापरे, आणि आपण आपलं व्हेज म्हणून हाणतोय. बरं, पालकाऐवजी मेथी?

खमंगकाकू: मेथी मस्त, चीजने कडूपणा झाकला जातो. पण ती लसणावरच परत, पाण्यात टाकू नकोस. शेपू नको बाबा, दुसरी कसली चवच लागू देत नाही.

दूरदेशी: काकू, शेपूला काही बोलायचं नाही!!

चिंगीचीआई: थँक्यू, आजच करते. उरला तर सकाळी डब्यात चालेल ना?

खमंगकाकू: चालेल की, फक्त गार झाला की घट्ट होतो, गरम करताना दोन चमचे दूध घाल.