अतिवास्तववाद फॅसिझमविरोधी होता की नुसताच गोंगाट?

शाईफेक (धागाकर्ता)
अतिवास्तववाद (सरिअलिझम) म्हटलं की आपल्याकडे चित्रकार दालीची वितळलेली घड्याळं निघतात आणि विषय तिथेच संपतो. फार तर कोलटकर-चित्र्यांच्या कवितेतल्या प्रतिमांवर दोन वाक्यं. ही मुळात राजकीय चळवळ होती हे कुणी बोलत नाही. कलेच्या बाजारानं तिच्यातलं राजकारण सोलून काढलं आणि साल विकायला ठेवली.

निमित्त असं की २०२४-२५च्या हिवाळ्यात म्युनिकच्या लेनबाखहाऊस संग्रहालयात अतिवास्तववाद आणि फॅसिझमविरोध याच विषयावर मोठं प्रदर्शन झालं. नाझींनी १९३७ साली अतिवास्तववादी चित्रकार मॅक्स अर्न्स्टसकट सगळ्या आधुनिकांची 'अधोगत कला' म्हणून जाहीर टिंगल केली, ती याच शहरात.

थोडा घटनाक्रम बघा. १९२४ मध्ये चळवळीचा म्होरक्या, फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँचा पहिला जाहीरनामा. १९२५ मध्ये लगेच मोरोक्कोतल्या रिफ युद्धाविरुद्ध पत्रक, म्हणजे स्वतःच्याच सरकारच्या वसाहतवादी युद्धाला विरोध. डिसेंबर १९३०मध्ये पॅरिसच्या 'स्टुडिओ २८'मध्ये अतिवास्तववादी दिग्दर्शक बुन्युएलचा सिनेमा चालू असताना उजव्या टोळ्या घुसल्या, पडद्यावर शाई फेकली, बाहेर लावलेली अर्न्स्ट, मिरो, दालीची चित्रं फाडली. आणि पोलिसांनी बंदी कुणावर घातली? सिनेमावर. (हे वाचून कुणाला काही आठवलं तर तो योगायोग.) ६ फेब्रुवारी १९३४ला फॅसिस्ट संघटनांनी पॅरिसमध्ये दंगल केली, आणि चारच दिवसांत ब्रेताँच्या गटाच्या पुढाकारानं एकजुटीचं आवाहन निघालं. बरेच शहाणे लेखक तेव्हा अजून अंदाज घेत होते.

काथ्याकूट
पत्रक, जाहीरनामा, आवाहन. पुढे? फॅसिझम कागदानं हरला नाही. तो स्टालिनग्राडला हरला.

या मंडळींचा निम्मा वेळ एकमेकांना गटातून काढण्यात गेला. ब्रेताँ म्हणजे जवळपास मठाधिपतीच. १९३५ साली पॅरिसमध्ये फॅसिझमविरोधी लेखकांची एवढी मोठी परिषद भरली, तर साहेबांनी त्याआधी रस्त्यात सोव्हिएत लेखक एहरेनबुर्गच्या थोबाडीत मारली आणि स्वतःचं भाषण घालवून बसले. शेवटी ते गटातल्याच कवी एल्युआरनं रात्री उशिरा वाचून दाखवलं. त्याच वर्षी लेखक जॉर्ज बतायबरोबर 'प्रतिहल्ला' नावाचा गट काढला. काही महिन्यांत तोही फुटला, आणि फुटताना ब्रेताँच्या मंडळींचा बतायच्या मंडळींवर आरोप काय, तर 'अतिफॅसिस्ट' असल्याचा!

मृद्गंध
दालीचं काय मग? हिटलरबद्दल उघड आकर्षण, पुढे स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोची तारीफ. बेभान व्हा, विवेक गुंडाळून ठेवा, आतल्या अंधाराला वाट द्या, हे तर फॅसिस्टही सांगत होते. दुसऱ्या जाहीरनाम्यात ब्रेताँनंच लिहिलंय की पिस्तूल घेऊन रस्त्यावर यावं आणि गर्दीत वाटेल तशा गोळ्या झाडाव्यात, ही सर्वांत साधी अतिवास्तववादी कृती. असलं लिहिणाऱ्यांना मी लोकशाहीचे पहारेकरी म्हणणार नाही.

शाईफेक
@मृद्गंध, पिस्तुलाच्या वाक्याचं समर्थन मी करणार नाही, ते भंपकच आहे. पण दालीचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. ५ फेब्रुवारी १९३४ला, म्हणजे दंगलीच्या आदल्या दिवशी, ब्रेताँनं त्याला घरी बोलावून जाब विचारला. आरोप हिटलरी फॅसिझमचं उदात्तीकरण केल्याचा. दाली आला तो तोंडात थर्मामीटर धरून, अंगात एकावर एक स्वेटर घालून. बोलता बोलता एकेक स्वेटर काढतोय, मध्येच ताप बघतोय. प्रसंग विनोदी खराच, पण खटला कुणावर भरला गेला ते बघा. आणि पोस्टरवर आज कोण आहे तेही बघा.

बारागावचंपाणी
'पुढे काय' असं काथ्याकूट विचारताहेत, त्यांच्यासाठी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं, ब्रिटिश अमलातलं जर्सी बेट.

क्लोद काहूँ आणि मार्सेल मूर, दोघी कलावंत, आयुष्याच्या जोडीदार. काहूँ वडिलांकडून ज्यू. १९३७ साली पॅरिस सोडून जर्सीला राहायला गेल्या, आणि १९४०मध्ये जर्मन सैन्य तिथेच उतरलं. मूरला जर्मन उत्तम येत होतं. बीबीसीच्या बातम्या चोरून ऐकायच्या, त्यावरून पातळ कागदावर छोटी पत्रकं टाइप करायची. त्यांत घोषणा कमी. सैनिकांचे आपापसातले खोटे संवाद, विनोद, कवितेच्या ओळी. खाली सही: 'नाव नसलेला सैनिक'. ही पत्रकं सिगारेटच्या पाकिटात, उभ्या गाड्यांत, जमलंच तर थेट सैनिकाच्या कोटाच्या खिशात जायची. दोघीही तोपर्यंत चाळिशी-पन्नाशीच्या, त्यामुळे चटकन संशय येत नसे. जर्मन अधिकारी आपल्याच फौजेतला फितूर शोधत बसले. जुलै १९४४मध्ये दोघी पकडल्या गेल्या, नोव्हेंबरमध्ये मृत्युदंड झाला. पुढे तो रद्द झाला, तरी तुरुंगातून सुटका थेट मे १९४५मध्ये, बेट मुक्त झालं तेव्हा.

काथ्याकूट
त्या दोघींना सलाम. पण हे व्यक्तींचं धैर्य झालं, चळवळीच्या खात्यावर कशाला जमा करता? यादीच करू. कवी रोबेर देस्नोस नाझींविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार लढ्यात होता, १९४४ला पकडला गेला, जून १९४५मध्ये तेरेझिनच्या छावणीत टायफसनं गेला. ब्रेताँनं त्याला पंधरा वर्षं आधीच गटाबाहेर काढलं होतं. एल्युआरची स्वातंत्र्यावरची कविता ब्रिटिश विमानांनी फ्रान्सवर टाकली, पण एल्युआर १९३८लाच ब्रेताँपासून तुटला होता. आणि गटाशी एकनिष्ठ राहिलेला कवी बेंजामँ पेरे काय करत होता? १९४५मध्ये मेक्सिकोत बसून, प्रतिकाराच्या कविता औषधांच्या जाहिरातींइतक्याच दर्जाच्या आहेत म्हणून टीका करत होता. लढले ते बाहेर पडलेले. आत राहिलेले बोटीनं अमेरिकेला गेले.

बारागावचंपाणी
पेरेबद्दल अर्धंच सांगितलंत. तोच माणूस १९३६ला फ्रँकोविरुद्ध लढायला स्पेनमध्ये गेला, पुढे अराजकवादी दुरुतीच्या नावाच्या तुकडीत होता. त्याला कवितेचा दर्जा बोलायचा हक्क होता, पटो न पटो.

आणि काहूँ 'नुसती व्यक्ती' नव्हती. ती त्या 'प्रतिहल्ला' गटात होती. १९३४मध्ये तिनं एक पुस्तिका लिहिली. रोख गट सोडून कम्युनिस्ट पक्षाकडे गेलेल्या आरागाँच्या प्रचारी कवितेवर. मुद्दा असा की घोषणा देणारी कविता वाचकाला झोपवते. कवितेनं अर्धंच सांगावं, उरलेलं वाचणाऱ्याच्या डोक्यात घडू द्यावं. यालाच ती अप्रत्यक्ष कृती म्हणते. आता जर्सीची पत्रकं पुन्हा आठवा. 'हिटलर मुर्दाबाद' लिहिलेला कागद सैनिकानं फेकून दिला असता. आपल्यासारख्याच कुणा वैतागलेल्या सैनिकाचं बोलणं खिशात सापडलं, तर तो रात्री जागा राहणार. ही युक्ती धैर्यातून येत नाही. ती दहा-पंधरा वर्षं पॅरिसमध्ये भाषेशी खेळून आलेली आहे. माझ्या मते चळवळीचं खरं राजकारण इथे आहे, ब्रेताँच्या जाहीरनाम्यात नव्हे.

मृद्गंध
हा मुद्दा पटतो. पण मग 'चळवळ' कशाला म्हणायचं? ही लेखनाची पद्धत झाली.

शाईफेक
पद्धत फिरली म्हणूनच चळवळ. डिसेंबर १९३८मध्ये कैरोत इजिप्तचा कवी जॉर्ज हनैन आणि मंडळींनी जाहीरनामा काढला: 'अधोगत कला चिरायू होवो'. नाझींची शिवी उचलून बिल्ल्यासारखी छातीवर लावली.

मार्टिनिक, म्हणजे कॅरिबियनमधली फ्रेंच वसाहत, तर अजून पुढे. बेटावर नाझींशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारची राजवट, त्यात एमे आणि सुझान सेझेर हे लेखक जोडपं आणि रने मेनिल १९४१पासून 'त्रोपिक' नावाचं नियतकालिक काढतात. लोककथा, झाडंपाला, कविता असा साळसूद चेहरा. १९४३मध्ये सेन्सॉरनं कागद नाकारला, कारण मजकूर वंशवादी आणि फुटीर. संपादकांनी उत्तर पाठवलं: हो, आम्ही वंशवादी. तूसाँ लुव्हेर्त्यूर, क्लॉड मॅके आणि लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीयांच्या वंशवादाचे, ज्यूद्वेष्टा द्रुमाँ आणि हिटलरच्या वंशवादाविरुद्धचे. सेन्सॉरला असं लिहायला काय लागतं, ते आपल्याला सांगायला नको. वसाहतीत जे चाललं तेच युरोपात परत आलं आणि त्याला फॅसिझम नाव पडलं, हे एमे सेझेरनं पुढे १९५०मध्ये सविस्तर मांडलं.

काथ्याकूट
मार्टिनिक मान्य, बिनशर्त. पण मग धाग्यातून ब्रेताँ वगळा. १९४१ला तो फ्रान्समधून पळून जाताना मार्टिनिकच्या राजधानीत, फोर-द-फ्रान्सला अडकला, मुलीसाठी रिबीन घ्यायला दुकानात शिरला आणि तिथे त्याला 'त्रोपिक'चा अंक दिसला. त्यानं तिथे काही नेलं नाही. त्याला आयतं मिळालं.

शाईफेक
ते दुकान मेनिलच्या बहिणीचं. आणि हाच मेनिल १९३२ला पॅरिसमध्ये शिकत असताना मार्टिनिकच्या दोस्तांबरोबर एक पत्रिका काढत होता, तिचं नावच मुळी ब्रेताँच्या १९२६च्या पुस्तिकेवरून घेतलेलं: 'स्वसंरक्षण'. आयतं कसं काय, दादा?