तत्त्वज्ञानाची सुरुवात कुठून करावी? रविवारच्या वाचनगटासाठी सल्ला हवा

त्रिमूर्तीनगरची: नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीत आठ-दहा जणांचा वाचनगट आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, मेडिकलमधल्या दोन नर्सताई, एक किराणा दुकानदार, अकरावीतली माझी भाची, असे सगळे. कादंबऱ्या झाल्या, चरित्रं झाली. आता सगळ्यांच्या मनात तत्त्वज्ञान आहे, पण कोणीच ते कॉलेजात शिकलेलं नाही. एक क्रमिक पुस्तक आणलं होतं. पहिल्याच पानावर सत्तामीमांसा, ज्ञानमीमांसा, मूल्यमीमांसा अशी व्याख्यांची रांग. भाचीने ते मिटवून बाजूला ठेवलं.

शाखा कोणत्या क्रमाने घ्याव्यात? भारतीय आधी की पाश्चात्त्य? इंग्रजी सगळ्यांना झेपत नाही, म्हणून मराठीत काय मिळेल तेही सांगा.

धंतोलीकर: ताई, इतिहासापासून सुरू करा. थेलीस, सॉक्रेटिस, प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटल, मग देकार्त, ह्यूम, कांट. कोण कोणाला उत्तर देऊन राहिला हे कळल्याशिवाय कांट वाचून हाती काही लागत नाही. मराठीत ग. ना. जोशींचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास तीन खंडांत आहे. भारतीय बाजूसाठी श्रीनिवास दीक्षितांचं ‘भारतीय तत्त्वज्ञान’.

अंबाझरीकाठ: धंतोलीकर भाऊ, पुस्तकं उत्तम सांगितली, पण या गटाला पहिल्या महिन्यात ती देऊ नका. थेलीसपासून निघालेला नवखा माणूस कांटपर्यंत पोचतच नाही. त्याच्या पदरात नावं पडतात, प्रश्न पडत नाही. मी बरीच वर्षं मुलांना हा विषय शिकवतो आहे. माझं म्हणणं ठाम आहे: एक प्रश्न घ्या आणि तो सुटेपर्यंत, किंवा सुटत नाही हे नीट कळेपर्यंत, सोडू नका. शाखांची नावं मागाहून आपोआप येतात.

माझी पसंती ज्ञानमीमांसेला, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं आणि ते कसं होतं या विचाराला. कारण ‘तुला हे कसं माहीत?’ हा प्रश्न दुकानदारालाही पडतो आणि नर्सलाही. आपल्याकडे या प्रश्नावर फार बारीक काम झालं आहे. प्रमाण म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याचं साधन. ती किती, यावर आपल्या दर्शनांचं, म्हणजे विचारपरंपरांचं, एकमत नाही. चार्वाक म्हणतो, प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी कळणं, हेच एक प्रमाण. बौद्ध आणि वैशेषिक त्यात अनुमान, म्हणजे खुणेवरून काढलेला निष्कर्ष, घालतात. सांख्य ‘शब्द’, म्हणजे विश्वासू माणसाचं किंवा ग्रंथाचं सांगणं, धरून तीन मानतात, नैयायिक (न्याय परंपरेतले) उपमान, म्हणजे साम्यावरून ओळखणं, धरून चार. कुमारिल भट्टांच्या मार्गाने जाणारे भाट्ट मीमांसक आणि अद्वैती सहापर्यंत जातात. गटात नुसतं एवढंच विचारा: देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि दिवसा काही खात नाही, म्हणजे तो रात्री जेवतो, हे तुम्हाला कशावरून कळलं? मीमांसक याला अर्थापत्ती (एरवी मेळ बसत नाही म्हणून न दिसलेली गोष्ट मानणं) म्हणतात, नैयायिक म्हणतात हे अनुमानच. एक बैठक यातच जाते, आणि तर्कशास्त्राची ओळखही होऊन जाते.

पुढच्या बैठकीला आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध आचार्याचं उदाहरण घ्या. मांस भाजायला कोणी नुकताच विस्तव पेटवला आहे. धूर अजून निघालेला नाही, पण त्यावर किड्यांचा थवा जमला आहे. लांबून बघणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, ‘तिथे आग आहे.’ आग खरंच आहे. मग त्याला आग असल्याचं ज्ञान झालं म्हणायचं का? समजूत खरी, कारणही त्याच्या परीने ठीक, तरी काहीतरी निसटलं आहे. 1963 मध्ये एडमंड गेटियर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने जेमतेम तीन पानांच्या लेखात हीच अडचण दुसऱ्या उदाहरणांनी मांडली, आणि तिथले लोक अजून त्यावर लिहून राहिले आहेत. भारतीय आधी की पाश्चात्त्य, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. प्रश्न एक ठेवा आणि दोन्हीकडचे लोक एकाच सतरंजीवर बसवा.

बुल्डीचा वाचक: अंबाझरीकाठ सर, सत्तामीमांसा, म्हणजे खरोखर काय आहे हा विचार, कशी घ्यायची? आमच्याकडे तिथेच लोक ‘ब्रह्म सत्य जगन्मिथ्या’ म्हणून मोकळे होतात आणि चर्चा संपते.

अंबाझरीकाठ: संत्रं आणा. खरंच आणा, एकेकाच्या हातात फोड द्या. मग विचारा: संत्र्याचा गोलपणा संत्र्यात आहे, हे सगळे मानतील. गोडी कुठे आहे? फळात की जिभेवर? ताप आलेल्या माणसाला तेच फळ कडू लागलं तर गोडी गेली कुठे? सतराव्या शतकात जॉन लॉकने आकार, संख्या, गती हे वस्तूचे स्वतःचे गुण मानले. रंग, चव, वास म्हणजे आपल्यात तशी संवेदना उठवण्याची वस्तूची शक्ती, असं तो म्हणाला. वैशेषिक परंपरेत प्रशस्तपादाने चोवीस गुण मोजले आहेत, त्यात रस म्हणजे चव हा रूपासारखाच, म्हणजे रंगासारखाच, वस्तूत राहणारा खराखुरा गुण आहे. कोण बरोबर? काकांना एक बाजू द्या, भाचीला दुसरी. ‘जगन्मिथ्या’ म्हणणाऱ्यालाही मग सांगावं लागतं की मिथ्या म्हणजे नेमकं काय.

वॉर्ड नंबर सात: मी स्वतः नर्स आहे म्हणून सांगते, तुमच्या दोघी ताईंना नीतिशास्त्र सगळ्यात जवळचं वाटेल. नातेवाईक बाजूला घेऊन म्हणतात, ‘सिस्टर, बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका.’ आणि बाबा हात धरून विचारतात, ‘पोरी, मला काय झालं?’ हा प्रसंग प्रत्येकीवर येतो. कांटचं 1797 चं लिखाण आहे, त्यात तो म्हणतो की खुनी दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असला तरी खोटं बोलण्याचा हक्क तुम्हाला मिळत नाही. मिलसारखे उपयुक्ततावादी परिणाम बघायला सांगतात. मला कांट पटत नाही. पण त्याच्यामुळे मला एक गोष्ट स्पष्ट दिसली: गप्प राहणं आणि खोटं सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्युटीवर तो फरक रोज कामाला येतो.

दीक्षाभूमी परिसर: नागपुरात बसून तत्त्वज्ञान वाचायचं आणि बाबासाहेबांचं नाव अजून कोणी घेतलं नाही, म्हणून लिहितो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ 1957 मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रकाशित झाला. मराठी अनुवाद सहज मिळतो. त्याची प्रस्तावना नवख्यांसाठी सोन्यासारखी आहे. ते सुरुवातच चार अडचणींनी करतात. आत्मा नाही म्हणता, मग कर्म आणि पुनर्जन्म कोणाचा, ही त्यातली एक. श्रद्धेचा ग्रंथ आणि पहिल्या पानांवर असे उघडे प्रश्न, हे भाचीला जरूर दाखवा. त्याला जोडून ‘मिलिंदप्रश्न’ या जुन्या बौद्ध ग्रंथातला, राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा, रथाचा संवाद घ्या. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? मग रथ कुठे आहे? नागसेन हेच राजाला विचारतो, आणि ‘मी’ म्हणजे काय इथवर आणून सोडतो.

धंतोलीकर: हे पटलं. इतिहासाचे खंड गटाने एकत्र वाचण्यापेक्षा कोणी एकाने संदर्भाला जवळ ठेवावेत. आणखी एक भर: वाईचा मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, एकेका शाखेची नोंद तिथून काढा. नागपुरातूनच दि. य. देशपांड्यांनी 1990 मध्ये ‘आजचा सुधारक’ हे मासिक सुरू केलं. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि त्यांची मराठी अगदी स्वच्छ आहे. जुने अंक ऑनलाइन वाचता येतात.

मिशन यूपीएससी: कोणी वैकल्पिक विषय म्हणून बघत असेल तर हा मार्ग पुरणार नाही. पहिल्या पेपरला दोन्हीकडचा इतिहास आणि समस्या, दुसऱ्याला सामाजिक-राजकीय तत्त्वज्ञान आणि धर्माचं तत्त्वज्ञान, हे अभ्यासक्रमाप्रमाणेच करावं लागतं.

त्रिमूर्तीनगरची: सगळ्यांचे मनापासून आभार. परीक्षा कोणालाच द्यायची नाही. देवदत्तापासून सुरू करतो, मग किड्यांचा थवा, मग संत्रं. नर्सताईंना वॉर्डातला प्रसंग वाचून दाखवला, दोघी लगेच बोलायला लागल्या. सौंदर्यशास्त्राचं काय? आणि सगळ्यांनी मिळून वाचायला एखादं छोटं मूळ लिखाण सांगाल का?

अंबाझरीकाठ: सौंदर्यशास्त्र सध्या राहू द्या. गटाला एखाद्या चित्रावरून किंवा गाण्यावरून भांडण झालं की तेव्हा घ्या. मूळ लिखाण म्हणाल तर प्लेटोचा ‘क्रायटो’. इसवी सनपूर्व 399, सॉक्रेटिस तुरुंगात, मित्र क्रायटो पळून जायची सोय करून आलेला, आणि हा म्हणतो आधी जावं की नाही ते ठरवू. एका बैठकीत वाचून होतो. इंग्रजी जमतं त्या दोघांनी आधी वाचून मराठीत संवाद लिहून आणावा. एकाने सॉक्रेटिस व्हायचं, एकाने क्रायटो, आणि जिथे अथेन्स शहराचे कायदेच जणू माणसासारखे बोलायला लागतात तो भाग काकांना द्या. मध्ये कोणी अडवलं तर थांबा, पुढचं पान पुढच्या रविवारी.