मदत हवी आहे: वडिलांची शुगर, बिवळ्याचा पेला आणि बाजारातली बिननावाची पुडी

धागाकर्ती:
नमस्कार मंडळी. नाना (वडील, वय ६८) आणि आई चिपळूणजवळ गावी असतात, मी पुण्यात. नानांना बरीच वर्षं मधुमेह आहे. मेटफॉर्मिन दोन वेळा आणि नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड चालू आहे. मागचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ८.१ आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जरा खाण्याकडे बघा." नानांनी त्याचा अर्थ झाडपाला असा घेतला.

रात्री बिवळ्याच्या लाकडी पेल्यात पाणी भरून ठेवतात आणि सकाळी ते तांबूस पाणी अनशापोटी पितात. मग भिजवलेली मेथी. परसात इन्सुलिनचं झाड लावलंय, त्याची आंबट पानं चघळतात. जांभळाच्या बिया वाळवून कुटून बरणीत भरल्यात. कारल्याची भाजी तर इतकी होते की आई वैतागली आहे. इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं.

खटकतेय ती पुडी. आठवडी बाजारात एक जण बसतो, त्याच्याकडून कागदात बांधलेलं चूर्ण आणतात. वर नाव नाही, आत काय ते माहीत नाही, "गुडमार आणि बाकी जंगलातलं" एवढंच. ते सुरू केल्यावर आठवड्याभरात उपाशीपोटीची शुगर १७० वरून ९५ वर आली. नाना इतके खूश की आळीतल्या चारचौघांना पुड्या वाटून मोकळे. आणि परवा दुपारी जेवायला उशीर झाला तर घाम फुटला, हात कापायला लागले, बोलणं अडखळलं. आईने मशीन लावलं तर ५४. साखरपाणी दिल्यावर सावरले. आता म्हणतात, औषध लागू पडलंय, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करतो.

यातलं काय चालू ठेवण्यासारखं आहे? पुडी कुठे तपासून मिळेल? आणि नानांना सांगायचं कसं? माझं ऐकत नाहीत, मी त्यांच्यासाठी अजून दहावीतच आहे. जाणकारांनी मदत करा.

प्रतिसाद १ (मी फिजिशियन आहे):
ताई, ७० च्या खाली गेली की ती कमीच, ५४ म्हणजे धोक्याची. बोलणं अडखळलं म्हणजे मेंदूला साखर पुरत नव्हती. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. गोळ्या मनाने बंद करू नका. ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा का, ते डॉक्टर ठरवतील. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा एवढी खाली जात नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही, तुम्ही जेवलात की नाही हे न बघता ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं.

पुडीबद्दल: पाला-मुळ्या आठवड्यात १७० चे ९५ करत नाहीत. अशा बिननावाच्या चूर्णांत ग्लिबेनक्लामाइड कुटून घातलेलं सापडलेलं आहे. ते ग्लिमेपिराइडच्याच कुळातलं. तसं असेल तर नाना एकाच जातीचं औषध दोनदा घेताहेत, आणि "लागू पडतंय" ते ॲलोपॅथीच! जड धातूंची भीती वेगळी. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, तर साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. पुडी आजपासून बंद, पण फेकू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि रत्नागिरीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करा. ज्यांना वाटल्या त्यांनाही कळवा.

प्रतिसाद २ (बीएएमएस, कोल्हापूर):
वरच्या डॉक्टरांशी सहमत. गुडमार म्हणजे आपला बेडकीचा पाला. तो चावून साखर तोंडात टाकली तर काही वेळ गोड लागतच नाही, वाळू खाल्ल्यासारखं वाटतं. पुडीवर हा प्रयोग करून "असली आहे" म्हणणारे भेटतील. त्याने गुडमार आहे एवढंच कळतं, सोबत काय मिसळलंय ते नाही.

मेथीतला विरघळणारा तंतू पोटात बुळबुळीत होतो आणि साखर रक्तात हळू जाऊ देतो. खाऊ द्या, फक्त गोळ्या आणि मेथी यांत अंतर ठेवा. कारलं भाजी म्हणून उत्तम, रोज रस नको. आणि दुधीचा रस कोणी सुचवला आणि तो कडू लागला, तर ओतून द्या, त्यातून विषबाधा होते. बिवळ्यावर आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने) अभ्यास केला आहे, पण तिथे अर्क मोजून दिला होता. पेल्यातून रोज किती उतरतं ते कोणीच मोजत नाही. गुळवेलही मनाने नको. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, पण यकृताचा आधीच त्रास असेल तर मी तरी देत नाही.

प्रतिसाद ३:
नानांना पटवायचं तर हे सांगा: मेटफॉर्मिनचा उगम झाडपाल्यातच आहे. युरोपात गॅलेगा नावाची जांभळ्या फुलांची वनस्पती आहे, तिच्यातल्या द्रव्यावरून सुचत सुचत १९२२ मध्ये ते प्रयोगशाळेत बनलं आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी मधुमेहींवर वापरून दाखवलं. आमच्या काकांवर ही मात्रा चालली. "मग ही जडीबुटीच की" म्हणून गोळी घेतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोलले, ग्लिमेपिराइड निम्मं केलंय आणि रोज दोनदा शुगर लिहून ठेवायला सांगितलीय. पुडी आईने कपाटात कुलूपबंद केली. नाना धुमसताहेत, पण पेला हातात आहे म्हणून गप्प. आई आळीत सांगायला गेली होती. एक काकू पुडी द्यायलाच तयार नाहीत, त्यांना इन्सुलिन चालू आहे. त्यांच्या मुलाचा नंबर मिळवतेय.

इन्सुलिनच्या झाडाबद्दल कोणी लिहिलं नाही. पानं खाऊ द्यावीत का?

प्रतिसाद १:
त्या पानांत इन्सुलिन नसतं. झाड मूळचं अमेरिका खंडातलं, आपल्या नर्सऱ्यांत नंतर आलेलं. माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे. गोळ्यांचा डोस आत्ताच बदललाय, तर निदान पुढच्या एचबीए१सीपर्यंत पानं थांबवा, नाहीतर शुगर कशाने खाली-वर होतेय ते कळणार नाही. काकूंच्या मुलाला आजच गाठा, ते जास्त घाईचं आहे.