एसईओची ओळख कीवर्डपासून करून देऊ नका

कोरी पाटी: एसईओ म्हणजे शोधयंत्राच्या निकालांत आपले पान वर आणण्याचे तंत्र. त्यावर नवशिक्यांसाठी लिहिलेल्या एका लेखात काल असा सल्ला वाचला की, आधी कीवर्ड (लोक शोधताना लिहितात तो शब्द) ठरवावा, तो मेटा कीवर्ड टॅगमध्ये (पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या नोंदीत) भरावा, मजकुरात शंभर शब्दांमागे तीनदा आणावा आणि मग मिळतील तिथून लिंक जमवाव्यात. हे वाचून गप्प बसवेना. क्रमवारी लावताना हा टॅग विचारात घेत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. क्रॉलरला (पाने शोधून वाचणाऱ्या शोधयंत्राच्या प्रोग्रामला) पान सापडते का, ते वाचता येते का आणि ते इंडेक्समध्ये (शोधयंत्राच्या पानांच्या सूचीत) जाते का, हे नवशिक्याला आधी शिकवायला हवे. यांतले एक जरी अडले तरी बाकीची मेहनत पाण्यात जाते.

शब्दवेडा: मुळीच पटत नाही. लोक शोधताना ‘गुडघेदुखीवर उपाय’ असे लिहितात आणि आपण शीर्षकात ‘संधिविकारांचे व्यवस्थापन’ लिहून बसतो. मी स्वतः हेच केले होते आणि चांगला लेख वर्षभर कोणाच्या नजरेस पडला नाही. टॅग कालबाह्य झाला म्हणून वाचकाचा शब्द कालबाह्य होत नाही.

जुना बातमीदार: या शब्दांच्या हट्टापायीच लेखनाची माती झाली आहे. एकच शब्दसमूह पहिल्या परिच्छेदात चारदा घालण्याची सक्ती मी नोकरीत सोसली आहे. गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात कीवर्ड ठासण्याला स्पष्ट मनाई असताना ही टक्केवारी अजून शिकवली जाते, याचा मला मनापासून संताप येतो.

शब्दवेडा: ठासण्याची बाजू मी घेतलेलीच नाही, माझ्या तोंडी नको ते घालू नका. आणि क्रॉलरचे एवढे अवडंबर कशाला? नको असलेली पाने रोबोट्स फाइलमध्ये (क्रॉलरने कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या संकेतस्थळावरच्या फाइलमध्ये) बंद केली की ती निकालांतून जातात.

कोरी पाटी: जात नाहीत, आणि असल्या ठाम चुकीच्या विधानांमुळेच मी हा धागा काढला. ती फाइल क्रॉलरला पान उघडण्यापासून रोखते, इंडेक्सपासून नव्हे. दुसऱ्या संकेतस्थळाने त्या पानाला लिंक दिली असेल, तर त्याचा पत्ता वर्णनाविना निकालांत दिसू शकतो. पान काढायचे तर त्यावर नोइंडेक्स (हे पान इंडेक्समध्ये घेऊ नये, अशी पानाच्या कोडमधली सूचना) लावावा लागतो, आणि तो वाचण्यासाठी क्रॉलरला आत येऊ द्यावे लागते. दोन्ही एकदम केले तर नोइंडेक्स वाचलाच जात नाही.

शब्दवेडा: मग गेली कित्येक वर्षे माझी बंद पाने दिसली नाहीत ती कशी?

कोरी पाटी: त्यांना बहुधा बाहेरून कोणी लिंक दिली नसेल. माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. आमच्या संकेतस्थळाची नवी मांडणी चाचणीत असताना प्रत्येक पानावर नोइंडेक्स लावला होता आणि प्रकाशनाच्या दिवशी तो काढायचे राहून गेले. भेटी रोज घटत होत्या आणि आम्ही बैठका घेऊन कीवर्ड बदलत होतो. अखेर पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडला, तेव्हा शीर्षकाच्या खालीच ती ओळ दिसली. सर्च कन्सोल या संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या साधनात पत्ता तपासला असता, तर हे पहिल्याच दिवशी कळले असते.

जुना बातमीदार: हे तंत्र मला अजूनही रुक्ष वाटते, पण लेखन सुधारून ही चूक सुटली नसती, हे मान्य करावे लागते.

शब्दवेडा: रोबोट्स फाइलबाबत माझी समजूत चुकीची होती. आज माझी बंद पाने पत्त्यानिशी शोधून पाहीन. मात्र शीर्षकात वाचकाचाच शब्द हवा, यावरून मी तसूभरही हलणार नाही.

कोरी पाटी: त्यावरून हला असे मी म्हटलेच नव्हते. शोधताना एक लक्षात ठेवा: एखादे पान सापडलेच, तर त्यावर आधी नोइंडेक्स लावा, फाइलमधली बंदी उठवा आणि ते निकालांतून जाईपर्यंत बंदी परत घालू नका.